फळीला बांधलेली पेन्सिल

बायको मागच्या दिवाळीनंतर गेली. तिच्या मागे बियाण्याचे दोन डबे राहिले, दोन्ही गोड्या तेलाचे, दिसायला सारखेच. एकात तिची माहेरची तूर, दरवर्षी राखून ठेवलेली. दुसऱ्यात नेरच्या दुकानातली. दोन्ही लाल. ओळख फक्त झाकणात खोचलेल्या चिठ्ठीची.

तिचा कायदा होता. तूर कोणीही घ्या, पण चिठ्ठीला हात लावायचा तर आधी फळीला दोरीनं बांधलेली पेन्सिल हातात घ्यायची. पेन्सिल एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस. ती गेल्यावर मी ती पेन्सिल फळीवरून सोडून खिशात ठेवली. तिच्या हातची म्हणून. मूर्खपणा केला.

पोरगी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. उन्हाळ्यात इथूनच काम करायला आली. तुरीला ऊन दाखवून डबे भरले, तर एकीची तूर दुसरीच्या डब्यात पडली. "चिठ्ठ्या बदलाव लागते," असं मी ओरडून सांगितलं आणि हातपाय धुवायला गेलो. तेवढ्यात तिनं बदलल्या. मी आलो, तिनं बदलल्याचं ठाऊक नव्हतं, मीही बदलल्या. दुसऱ्या दिवशी तिनं पाहिलं, तिला वाटलं बाबांनी विसरून उलट्या केल्या, तिनं पुन्हा बदलल्या. असं चार दिवस चाललं.

"चिठ्ठ्यायले तू कायले हात लावला?"

"तुम्ही विसरले म्हून, बाबा."

"किती वेळा?"

"दोनदा. का तीनदा? तुम्ही?"

मलाही आठवेना, म्हणजे कोणत्या डब्यात कोणती तूर ते आता कळायचं नाही. "तुह्या मायनं असं होऊ देलं नसतं," मी म्हणालो.

मग तीच म्हणाली. "बाबा, माह्यं कामही इथंच अडकलं. एका मोठ्या खऱ्या मशिनीत नुसत्या मानलेल्या, लोखंडाच्या नाही अशा, लय मशिनी चालतात. फाइल सगळ्यायची एकच. तिची चिठ्ठी, म्हंजे फाइलचं नाव अन् ती केव्हा बदलली ते, दोन मशिनींनी एकदमच फिरवली की घोळ. एका वेळी एकीनंच फिरवावी म्हून कुलूप लागते, ते कुठं लावायचं यावर भांडण हाय. बाकीचे म्हंतात, जिच्या तिच्या मशिनीत लावा."

"एकीचं कुलूप दुसरीले दिसते काय?"

"नाही."

"मंग फळीलेच बांध ना. जिथं फाइल हाय तिथं."

"सगळ्याच लायनीत उभ्या राह्यतील. काम हळू होते."

"तूर घ्यायले कोण अडवून राह्यलं? मायनं फक्त चिठ्ठी अडवली होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं, "हुशार झाले बाप्पा," म्हणाली आणि लिहायला बसली. आठवड्यानं सांगितलं, कुलूप फाइलपाशीच ठेवलं, तेही चिठ्ठीपुरतंच. तिचं काम झालं. माझं नाही.

पेन्सिल मी परत फळीला बांधली. तुरी वावरात दोन अंगाला वेगळ्या पेरल्या. बायकोच्या तुरीच्या शेंगेवर काळी रेघ असते. शेंगा धरल्या की समजेल. तोवर दोन्हीकडे खुंट्या रोवल्या आहेत, आणि दोन्हीवर चिठ्ठी कोरीच बांधली आहे.