फाटकाला पत्ता कशाला हवा

माझा मामा बंदरात क्रेन चालवतो, आणि कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचल्याशिवाय 'हो' म्हणत नाही. या सवयीनं त्यानं आम्हा सगळ्यांना कधी ना कधी रडकुंडीला आणलेलं आहे. औषधाच्या बाटलीवरचं मुंगीएवढं अक्षर तो वाचतो. लिफ्टमधली सूचना वाचतो, तोवर लिफ्ट आमच्या मजल्यावरून पुढे गेलेली असते. दुकानदार पावती देऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला तरी मामा तिथेच, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून उभा. मामी होती तेव्हा ती सरळ पुढे निघून जायची आणि कोपऱ्यावर त्याची वाट बघत बसायची.

कामावरही हेच. उंचावरच्या काचेच्या खोलीत तो दिवसभर एकटा बसतो आणि खालच्या माणसानं हातानं खूण केली की कंटेनर उचलतो. खूण अर्धवट केली, मध्येच नाक खाजवलं, की मामा हलत नाही. खालचे लोक शिव्या घालतात. त्या वर ऐकू जात नाहीत, हे त्या नोकरीचं एक सुख आहे असं तो म्हणतो.

आणि आमचं नशीब असं थोर, की त्याच बंदराच्या फाटकाचं नवं साइन-इन बनवायचं काम माझ्या कंपनीला मिळालं आणि कंपनीनं ते माझ्या गळ्यात घातलं. काम तसं सोपं. कागदी पास बंद. फाटकावर एक क्यूआर कोड दिसतो, कामगारानं तो मोबाईलनं स्कॅन करायचा. मोबाईलमध्ये त्याचा डिजिटल परवाना असतो, परवाना कार्यालयानं सही करून दिलेला. मोबाईल विचारतो, की फाटक तुमच्याकडे अमुक अमुक माहिती मागतंय, देऊ का? 'हो' म्हटलं की आमची यंत्रणा सही खरी आहे का, परवाना चालू आहे का ते तपासते, माहिती पहारेकऱ्याच्या केबिनमधल्या पडद्यावर येते आणि फाटक उघडतं. सगळे डोळे झाकून 'हो' दाबतात.

चाचणीच्या दिवशी मामानं यादी वाचली. मागे रांग खोळंबली, लोक ओरडायला लागले, तरी वाचली. नाव, फोटो, परवाना क्रमांक, मुदत, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता. पत्ता वाचून त्यानं 'नको' दाबलं आणि जुना पास दाखवून आत गेला. त्या पासाला महिनाअखेरपर्यंतच जीव होता.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी त्याच्यावर उखडलेलेच होते, कारण नकार देणारा एकमेव माणूस माझा सख्खा मामा निघाला हे ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं.

"तुझ्या फाटकाला काय कळायला हवं?" तो म्हणाला. "मला क्रेन चालवता येते की नाही, एवढंच ना?"

"हो."

"मग त्याला माझं घर कशाला हवं? केबिनमध्ये कोण बसतो, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. केबिनमध्ये सकाळच्या पाळीला त्याचा जावई बसतो. मामाची मुलगी, माझी ताई, वर्षापूर्वी अंगावर वळ आणि कडेवर पोर घेऊन माहेरी आली. मामानं राहतं घर सोडलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं दोन खोल्या घेतल्या. तो पत्ता त्यानं नातेवाइकांनाही सांगितला नाही. जावयाची पाळी मामाच्या नंतर सुटते, म्हणून मागोमाग येणं त्याला जमलेलं नव्हतं. कोर्टात तारखा चालू होत्या आणि जावयाची सिक्युरिटी कंपनी म्हणत होती, निकाल लागू दे, मग बघू.

मी विचारलं, की परवान्यावर नवा पत्ता घातलाच कशाला? तर म्हणाला, घर बदललं की पत्ता बदलून घ्यायचा, असा नियम आहे. मी डोक्याला हात लावला. अशा माणसाचं करायचं तरी काय?

म्हणजे 'हो' म्हटलं तर ताईचं घर त्या माणसासमोर मोठ्या अक्षरात, आणि 'नको' म्हटलं तर एक तारखेपासून मामा घरी. त्या घरात खाणारी तोंडं तीन आणि कमावणारा तो एकटा. वर मला ताकीद, की ऑफिसात कारण सांगायचं नाही. पत्ता लपवतोय एवढं जरी फाटकावर पोचलं तरी तो माणूस शोधायला लागेल, असं मामाचं म्हणणं होतं.

तर कारण न सांगता ती एक ओळ काढून घ्यायची, एवढंच काम. हे एवढंच काम करता करता मला महिनाभरात ब्लडप्रेशर लागलं.

आमच्या साहेबांना आम्ही मागून 'पुढची आवृत्ती' म्हणतो, कारण काहीही मागितलं की ते म्हणतात, पुढच्या आवृत्तीत बघू. त्यांना म्हटलं, पत्ता कुणी वापरत नाही, काढून टाकू. ते म्हणाले, वापरत नाही तर राहू दे की, तुझं काय जातं? बंदराच्या अधिकाऱ्याला विचारलं, पत्त्याचं तुम्ही काय करता? तो म्हणाला, बघतो. बघून काय करता? फाटक उघडतो. मग मागितलाच कशाला? तर तो म्हणाला, तुमच्याच सॉफ्टवेअरनं मागितला, आम्हाला वाटलं लागत असेल. मी जुन्या फायली उपसल्या. आमच्यापैकीच कुणीतरी सुरुवातीला एका तयार नमुन्यातली माहितीची यादी जशीच्या तशी उचलून चिकटवली होती. तो नमुना होता घरपोच सामान पाठवणाऱ्या दुकानाचा. दुकानाला पत्ता हवाच, नाहीतर सामान नेणार कुठे? आमचं फाटक कुणाच्या घरी काय पोचवणार होतं, देव जाणे. आणि वर सगळ्या ओळी 'आवश्यक' म्हणून टिकमार्क केलेल्या, म्हणजे दिलं तर सगळं द्या, नाहीतर फुटा.

हे सगळं पुराव्यासकट साहेबांपुढे ठेवलं. ते म्हणाले, छान शोधलंस, पुढच्या आवृत्तीत बघू.

मग महिना संपता संपता बंदराचे अधिकारी प्रात्यक्षिक बघायला ऑफिसात आले. दर वेळी आम्ही खोट्या नावाचा सरावाचा परवाना वापरतो. त्या दिवशी मी साहेबांना सांगितलं, की सरावाचा चालत नाहीये, तुमच्या मोबाईलमधला गाडीचा परवाना वापरा, तोही त्याच कार्यालयाचा आहे. हे धादांत खोटं होतं आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. साहेबांनी ऐटीत कोड स्कॅन केला आणि यादीकडे ढुंकूनही न बघता 'हो' दाबलं. भिंतीएवढ्या पडद्यावर साहेब झळकले. फोटो, जन्मतारीख, आणि त्याखाली पत्ता, अमुक अमुक यांचे घर, तळमजला. ते अमुक अमुक म्हणजे त्यांचे सासरे. साहेब चार वर्षं आम्हाला स्वतःच्या बंगल्याच्या डागडुजीचे किस्से ऐकवत होते. खोलीत कुणी हसलं नाही, पण सगळ्यांना एकदम खोकला झाला. बंदराचा अधिकारी भाबडेपणानं म्हणाला, आमच्या केबिनमध्येसुद्धा हे असंच स्वच्छ दिसतं.

पुढची आवृत्ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली. नाव, फोटो, परवाना चालू आहे की नाही. बस.

एक तारखेला मी ऑफिसात नखं खात बसले होते. मामाचा क्रेनवरून फोन आला.

"तीनच गोष्टी मागितल्या," तो म्हणाला. "दोनदा वाचलं. मग दिलं."

मागे रांगेनं उद्धार केला असणारच. मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं. मी फोन ठेवून दिला आणि शेजारच्या टेबलावरचीचा चहा पिऊन टाकला.

जेवण करून आले तर फाटकावरून तक्रार आलेली. केबिनमधून नोंदवलेली, 'तातडीचे' असा शेरा मारून. पडद्यावर पत्ता येत नाही, यंत्रणेत बिघाड आहे, ताबडतोब दुरुस्त करावा. खाली नोंदवणाऱ्याचं नाव आणि पाळी. सोबत पडद्याचा फोटो जोडलेला. सकाळपासून त्या फाटकातून शेकडो माणसं आत गेली होती, आणि कुणाचाच पत्ता दिसत नव्हता. जोडलेल्या फोटोतल्या पडद्यावर मात्र फक्त माझा मामा होता.

महिनाभर ज्याला त्याला 'वापरत नाही कुणी, वापरत नाही कुणी' सांगत फिरले होते. एक माणूस होता, नेमका त्याच ओळीकडे डोळे लावून बसलेला. मामानं चाचणीच्या दिवशी इतरांसारखं डोळे झाकून 'हो' दाबलं असतं तर ताईचं दार त्याच रात्री वाजलं असतं. हा विचार मला अजूनही नीट करवत नाही.

तक्रारीला मी उत्तर लिहिलं, बिघाड नाही, यंत्रणा योग्य चालू आहे. मग मामाला फोन लावला आणि ती तक्रार शब्दन् शब्द वाचून दाखवली, तारीख, पाळी, नाव, सगळं. त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला, परत वाच. मी परत वाचली, या वेळी न चिडता.

"आता सांग तुझ्या साहेबांना," तो म्हणाला. "आणि त्याचा एक कागद काढून ठेव. तुझ्या ताईच्या वकिलीणबाई कधीपासून विचारतायत, तो तिला शोधतोय याला पुरावा काय. आता त्यानंच लिहून दिलाय."