आणायचं कुणी, पोहोचवायचं कुणी

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, बार्शीला झालं. मदतीला तोटा नव्हता. आई शेक-शेगडी बघायची, मावशी बाळाचं डोकं गोल करायची आणि शेजारच्या काकू रोज येऊन, माझं दूध कमी पडतंय असं जाहीर करून, चहा पिऊन जायच्या. वडील तेवढे काही न बोलता बाळाला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायचे. नवरा सोलापुरात, आपल्या आईजवळ. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणसाचं काम तरी काय!

बारशाला सासरची मंडळी आली, बाळाला कुंची-वाळे घालून, जेवून गेली. मी परत कधी जायचं, हे कुणी विचारलंच नाही. कारण आमच्या घरात बाळ-बाळंतिणीला सासरच्यांनी न्यायला यायचं असतं आणि त्यांच्या घरात माहेरच्यांनी पाळण्यासकट आणून सोडायचं असतं. लग्नाआधी पत्रिका जुळवल्या, मानपान ठरवले, आहेराच्या साड्यांचे पोत तपासले. हे तेवढं राहून गेलं.

"न्यायला आल्याबिगर पाठवायची न्हाय," आई म्हणाली. "पोरगी काय जड झालीय व्हय आमाला?"

तिकडून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आमच्यात माहेरची मानसं आनून सोडत्यात. आमी कशाला मागं लागायचं?"

दोघींचाही बाळावर फार जीव, त्यामुळे दोघीही जागच्या हलल्या नाहीत. सासूबाई तर बारशानंतर नातवाला बघायलाही आल्या नाहीत. आल्या असत्या तर न्यायला आल्यासारखं दिसलं असतं ना!

नवरा रविवारी एसटीने यायचा. जावईच तो, त्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची आणि पोहे. बाळ दाखवायला आणलं जायचं आणि रडलं की लगेच आत नेलं जायचं. भांडण करायला आम्हाला फोनच बरा पडायचा.

"तू न्यायला ये ना."

"आईला काय सांगू? तूच ये ना."

"मग मी माझ्या आईला काय सांगू?"

तो कंपनीत अख्खा विभाग सांभाळतो आणि मी कॉलेजात व्यवस्थापन शिकवते. मधे रस्ता फक्त दोन तासांचा. हळूहळू भांडणंही आटली. "लस दिली?" "दिली." संपलं. तेव्हा मात्र मी घाबरले. भांडत होतो तोवर निदान नवरा-बायको होतो.

बाळ माणसं ओळखायला लागलं होतं. एका रविवारी नवऱ्याने त्याला उचललं, तर त्याने किंचाळून घर डोक्यावर घेतलं आणि माझ्या वडिलांकडे झेप घेतली. सगळे हसले. "बापाला ओळखत न्हाय की अजून!" मावशी म्हणाली. नवराही हसला. मग हात धुतो म्हणून मागे गेला. मी बघायला गेले, तर नळ वाहत होता आणि हा नुसता उभा, डोळे लाल.

मी आत जाऊन बॅग भरली. माझा राग आईवर होता, सासूबाईंवर होता, त्याच्यावर होता आणि त्या पोह्यांवरही होता.

"आज? अशी?" आई म्हणाली. "लोक काय म्हनतील?"

"न्यायला आलेत की हे," मी म्हणाले. आईने बाळाला टोपडं घातलं. वडील पाळणा घेऊन सोबत यायचं म्हणून त्याची कडी काढायला लागले, म्हणजे आणून सोडल्यासारखंही झालं असतं. मी म्हटलं, राहू द्या.

एसटीत बाळ नवऱ्याच्या मांडीवर जे रडायला लागलं, ते थांबेना. "आईकडं द्या की त्याला," मागची बाई म्हणाली. कंडक्टरनेही तेच सुचवलं. अख्खी गाडी आम्हाला आधार द्यायला तयार होती. नवऱ्याने बाळ सोडलं नाही. त्याला येत होतं नव्हतं ते सगळं तो गुणगुणला, बेसूर. वैरागच्या पुढे बाळ दमलं आणि त्याच्या खांद्यावर झोपलं. मग उरलेला रस्ता तो तसूभरही हलला नाही.

सोलापुरात सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. "सोडायला कोन आलं न्हाय व्हय?" त्यांनी विचारलं. तुकडा टाकून त्यांनी दोन्ही हात पसरले, "ये रं माझ्या राजा."

बाळाने डोळे उघडले, त्यांच्याकडे टक लावून बघितलं. अनोळखी बाई! ते किंचाळलं, बापाचा शर्ट मुठीत गच्च धरला आणि त्याच्या मानेत तोंड लपवलं.

सासूबाईंचे हात तसेच पसरलेले राहिले.