नजाहने सांत्वन घेतलं नव्हतं

सोहागकडच्या आमच्या गावांत ज्याचा खून होतो, त्याच्या घरी कुणी सांत्वनाला जात नाही. गेलंच तरी दार उघडत नाही. सूड उगवला की मगच मांडव घालतात, कडू कॉफी फिरते आणि माणसं भेटायला येतात. नजाहच्या एकुलत्या एका मुलाला, रिफाईला, त्याच्या टुकटुक रिक्षासाठी मारून कालव्यात फेकलं, तेव्हा तिनेही दार लावून घेतलं. पण तिला बंदूक नको होती. खुनी तिला कोर्टात उभा हवा होता.

तीन वर्षं ती पहाटे पाव भाजायची, ते विकायची आणि ठाण्यात जाऊन बसायची. उत्तर ठरलेलं, "तपास चालू आहे, बाई." कसला चालू? मेल्यांनी बूडसुद्धा हलवलं नव्हतं.

"वहिनी, नुसती हो म्हण," दीर अब्दुलमुईन सारखा म्हणायचा. "मी बघतो एकेकाला."

"कुणाला बघणार? खुनी कोण ते ठाऊक आहे का तुला? भलत्याच आईचं लेकरू जायचं. बस गुमान."

मग ठाण्यात नवा कारकून आला. साधाभोळा होता बिचारा, त्याने तिला फाईल वाचून दाखवली. पहिल्याच आठवड्यातली नोंद होती, 'कुटुंबाने सांत्वन स्वीकारलं. गावात शांतता.' पोलिसांचा तळ गावात नको म्हणून गावच्या मुखियाने ती परस्पर लिहवून घेतली होती. सांत्वन घेतलं म्हणजे रक्तपाताची भीती संपली, आणि भीती संपली की फाईल तळाशी. आग लागो असल्या शांततेला.

नजाह तडक अधिकारी अश्मावीसमोर उभी राहिली. "खोडा हे. लिहा, रिफाईच्या आईने आजवर एकाचंही सांत्वन घेतलेलं नाही."

अश्मावीचा चेहरा पडला. उद्या गोळी सुटली तर वरचे त्यालाच धरणार होते. "म्हणजे सूड घेणार तुम्ही?"

"मी पाव भाजते, साहेब. खुनी धरायचा पगार तुम्हाला मिळतो."

दुसऱ्या दिवशी तिने दिराला आणि अकरा पुतण्यांना रिकाम्या हातांनी ठाण्यासमोर बसवलं. कुणी ब्र काढायचा नाही, अशी ताकीद होती. ते गप्प बसले आणि ठाण्याला घाम फुटला. तीन वर्षं न हललेली फाईल नऊ दिवसांत पळाली. शेजारच्या बाजारातल्या गॅरेजमध्ये इंजिनाचा नंबर जुळला, टुकटुक विकणारे दोघे भाऊ सापडले आणि त्यांनी सगळं ओकून टाकलं. पुढे कोर्टाने दोघांना जन्मठेप ठोकली. एकही गोळी सुटली नाही. जिंकली आमची नजाह, कायद्याने जिंकली.

निकालाच्या दिवशी दुपारीच तिच्या दारात मांडव पडला. सगळ्यांच्या आधी अश्मावी आला, गणवेशात. खाली मान घालून त्याने हात पुढे केला. "बाई, देव तुम्हाला धीर देवो. मला घाई आहे, निघतो."

"बसा, साहेब," नजाह म्हणाली. "मी तुमच्या ठाण्यात तीन वर्षं थांबले. तुम्ही कॉफी उकळेपर्यंत थांबा."

साहेब बसले.