आईची पट्टी आणि पाचवी तार

माझ्या धाकट्या भावाला, अभयला, चुका शोधण्याचा पगार मिळतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या खोड्या काढणं हे त्याचं काम. त्यासाठी त्याला बी.ई. व्हावं लागलं, आमच्या कात्रजच्या गल्लीत हेच काम कितीतरी जणी फुकट करतात. बरं, ऑफिसात करतो ते करतो, घरीही तेच. भाजीतलं मीठ, पंख्याची कुरकुर, मी हौसेने आणलेला पडदा, काही म्हणून त्याच्या नजरेतून सुटत नाही. लागोपाठ दोन मुली नाकारल्या तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, अरे, त्याही तुझं टेस्टिंग करत असतील.

तर अशा माणसाने दोन हजार चार सालच्या हिवाळ्यात जुनी, परवडेल अशी पाच तारांची बेस गिटार शोधायला काढली. निमित्त होतं आमच्या आईचं.

आई, चंद्रभागा ओव्हाळ, गाते. लोणी काळभोरहून लग्न होऊन आली तेव्हापासून दशरथ मास्तरांच्या गायन पार्टीत ती भीमगीतं म्हणते आहे. वडील, बाबुराव, त्याच पार्टीत ढोलकी वाजवतात. दिवसा मात्र ती धनकवडीच्या बंगल्यांमध्ये धुणीभांडी करायची. मी शाळेत शिक्षिका झाले, पाठोपाठ अभ्याला नोकरी लागली, आणि आम्ही दोघांनी हट्टाने तिचं ते काम बंद करायला लावलं. माझ्या आयुष्यात मला कशाचा अभिमान असेल, तर त्याचा.

दशरथ मास्तर बेंजो वाजवतात, आणि त्यांचा बेंजो कायम काळी चारला लावलेला असतो. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, तोच अख्ख्या पार्टीचा सा. ढोलकी तिथेच चढवायची आणि गाणाऱ्यानेही आपला गळा तिथेच न्यायचा. सून घरात आली की तिने सासरच्या चवीचा स्वयंपाक शिकायचा, तसंच ते. पार्टीच्या पट्टीबद्दल कधी कोणी तक्रार केली नाही, कारण तिच्याबद्दल तक्रार करता येते हेच कोणाला ठाऊक नव्हतं. तरुणपणी आईने ती पट्टी ओढून नेली. पन्नाशी उलटली तसा वरचा सूर फाटायला लागला. त्या वर्षीची भीमजयंती झाल्यावर तिने घरी जाहीर केलं, "येत्या जयंतीला शेवटचं. आवाज गेला माझा." मास्तरांनीही वाद घातला नाही. निरोपाला शाल द्यायची असं ठरवून टाकलं.

अभ्याला ते पटलं नाही. भांडी घासताना आई जे गुणगुणते ते तो लहानपणापासून ऐकत आलेला. तो आवाज स्टेजवरच्या आवाजाहून निराळा होता; जड, भरलेला, कुठेही न फाटणारा. एक दिवस सूर मोजायचं छोटं यंत्र हातात घेऊन तो मोरीच्या दाराआड उभा राहिला. आईचा सा काळी दोनवर निघाला. बाईच्या मानाने फारच खाली, पण तिचा स्वतःचा.

"आवाज गेलेला नाही, ताई," तो मला म्हणाला. "इतकी वर्षं सेटिंगच चुकलंय."

आता अडचण अशी. अभ्या पार्टीत बेस वाजवायचा, पण मित्राकडून मागून आणलेला, चार तारांचा. बेसचं काम गाणाऱ्याच्या खाली जमीन धरून ठेवायचं. चार तारांच्या बेसवर सगळ्यात जाड तार जिथे संपते, त्याच्या एक घर खाली आईचा सा सुरू होतो. तार सैल करून जमतं, असं सांगणारे भेटले. त्याने तेही करून पाहिलं. सा कसाबसा मिळाला, पण आईचं गाणं सा च्या खालीही उतरतं आणि तिथे पुन्हा सगळं पोकळ. पाचवी, आणखी जाड तार हवीच होती. नव्याची किंमत ऐकून त्याने फोन ठेवला, कारण घराचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते.

मग आमचे रविवार त्यात गेले. कसबा पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात मी त्याच्याबरोबर होते. मालकांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता विचारलं, "पाच तारांचा कशाला? चार वाजवून झाल्या का?" त्यांच्याकडचा एकुलता एक जुना पाच तारांचा बेस चकचकीत लाल होता. मला आवडला. अभ्याने डोळ्यासमोर धरून पाहिलं, तर दांडा धनुष्यासारखा वाकलेला. दुसरा लोणी काळभोरच्या एका कॉलेज हॉस्टेलमध्ये मिळाला, तिथे पाचवी तार दाबली की पत्र्यावर खडे पडल्यासारखी खडखडायची. तिसऱ्याचं वजन जास्त, चौथ्याच्या खुंट्या घसरणाऱ्या. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण मार्च आला होता, जयंती चौदा एप्रिलला. मी चिडून म्हटलं, तुला चुका सापडतात म्हणून तुला वाटतं की तू काही शोधतो आहेस.

तेवढ्यात त्याच्या ऑफिसातला चेतन अमेरिकेला निघाला. त्या वर्षांत पुण्यात जुनं काही हवं असेल तर अमेरिकेला निघालेला इंजिनियर गाठावा. फ्रिजपासून कुंडीपर्यंत सगळं मिळायचं. चेतनकडे पाच तारांचा बेस होता. अभ्या एकदा जाऊन पाहून आला आणि नेहमीप्रमाणे दोष सांगायला बसला. रंगाचे पोपडे निघालेत, एक बटण गायब आहे, आवाजात बारीक घुं घुं आहे. मग म्हणाला, "युजरला नेल्याशिवाय हे टेस्टिंग पुरं व्हायचं नाही." युजर म्हणजे आई.

आम्ही तिघं बाणेरच्या त्या फ्लॅटवर गेलो. आई इस्त्रीची साडी नेसून सोफ्याच्या कडेवर बसली. अभ्याने बेस जोडला, काळी दोनचा सा धरला आणि तिला गायला सांगितलं. आईने डोळे मिटले आणि थेट काळी चारला आवाज लावला. तो खाली वाजवतोय, ही वर निघाली. त्याने थांबवलं, पुन्हा सूर दिला. ती पुन्हा वरच गेली. तीस वर्षांची सवय. आपला सूर कुठला ते विचारलं तर ती मास्तरांचाच दाखवायची.

"आई, भांडी घासताना म्हणतेस तसं म्हण ना," अभ्या म्हणाला.

"हितं भांडी कुठं हायत?"

भांडी होती. एकट्या मुलाचं घर. ओटा चहाच्या कपांनी भरलेला. आईने तिकडे एकवार पाहिलं आणि पदर खोचून उठली. माझं डोकं फिरलं. कोणाच्याही घरची भांडी पुन्हा तिच्या हाताला लागू नयेत म्हणून आम्ही शिकलो, आणि ही परक्या घरात नळ सोडून उभी. मी उठणार, इतक्यात चेतनच ओशाळून "काकू, अहो राहू द्या" करत आत धावला. तिने ऐकलं नाही, तेव्हा तो फडका घेऊन तिच्या शेजारी कप पुसायला उभा राहिला. मी बसून राहिले, पण गाल तापलेलेच होते.

तिसऱ्या-चौथ्या कपाला आई गुणगुणायला लागली. रमाईवरचं एक संथ गाणं. हॉलमधून अभ्याने पाचव्या तारेवर तिचा सा हळूच धरला, इतका हळू की आधी तो पायाखालच्या फरशीला कळला. आईचा हात थांबला. नळ तसाच वाहत होता. तिने मान वळवून पाहिलं, आणि मग तोच सूर धरून गाणं तोंड उघडून म्हटलं, पुरं कडवं, वर गेली, खाली उतरली, आणि जिथे जिथे उतरली तिथे तिथे खाली काहीतरी होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आईचा आवाज मी जन्मभर ऐकला होता आणि तो असा आहे हे मला माहीत नव्हतं.

अभ्याने त्या बेसमधला एकही दोष पुन्हा काढला नाही. भाव आईनेच केला. हात पुसत म्हणाली, "भांडी घासली त्याचे कमी कर." चेतनने खरोखरच कमी केले, वर केबलही दिली.

जयंतीच्या संध्याकाळी दशरथ मास्तरांना सांगणं हे अवघड काम वडिलांनी पत्करलं. तिच्या गाण्याला बेंजो थांबेल, ढोलकी मी उतरवून घेतोय, एवढंच ते म्हणाले आणि खरोखर ढोलकीची दोरी सैल करायला बसले.  मास्तरांनी बेंजो मांडीवर ठेवला आणि तारांवरचा हात काढून घेतला.

निवेदकाने मात्र निरोपाची सगळी तयारी केली होती. चंद्रभागाताईंचं आज अखेरचं गाणं, वगैरे. आई पुढे आली, माइक खाली ओढला आणि अभ्याकडे पाहिलं. पोपडे निघालेला तो बेस गळ्यात घालून माझा भाऊ मागे उभा होता, आणि त्याने सा दिला. समोर खुर्च्या ओढण्याचा, पोरांचा जो गलका चालू होता तो पहिल्या कडव्यातच बसला. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, ही कोण नवीन गायिका? मी ताठ बसून सांगितलं, माझी आई. तो वाजवतोय तो भाऊ, ढोलकीवर वडील.

गाणं संपल्यावर मास्तर स्वतः उठले. ठरल्याप्रमाणे शाल तिच्या खांद्यावर घातली आणि माइकवर म्हणाले की चंद्राबाई, असं गाणं तुम्ही शेवटाला राखून ठेवलंत.

एप्रिलच्या उकाड्यात आईने ती शाल नीट सावरून घेतली.

"शेवटचं म्हणलं होतं ते तुमच्या पट्टीतलं, मास्तर," ती म्हणाली. "माझ्या पट्टीतलं हे पहिलंच हाय."