काळ्या पात्यातला चांदीचा हत्ती

धारमावशींना खरं नाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर. शिंप्यांच्या गल्लीत तीस वर्षं त्यांनी कात्र्या, वस्तरे आणि घरोघरच्या सुऱ्या साणेवर धरल्या. कात्री नुसती हातात घेतली तरी तिने कापडाऐवजी कागद कोण कापतंय, हे त्या सांगत आणि शिंपिणी ओशाळत.

एका दुपारी निवृत्त टंकलेखक आजोबा टॉवेलात गुंडाळलेली तलवार घेऊन आले. त्यांचे वडील जहाजावर आचारी होते. त्यांनी ती कुठल्याशा बंदरातून आणली होती. आता आजोबांना तिने कुंपणावरची वेल छाटायची होती. पातं कोळशासारखं काळं आणि किंचित बाकदार होतं.

मावशींनी साण फिरवली आणि टोक टेकवलं. ठिणग्या उडाल्या, पण लगेच आवाज मऊ पडला. लोखंड करकरतं, हे कुजबुजत होतं. मावशींनी झटकन हात मागे घेतला. तेलाच्या बोळ्याने पातं पुसलं, तर काजळीतून एक चांदीचा हत्ती त्यांच्याकडे टुकूटुकू बघू लागला. त्याच्या मागे झाड, झाडामागे राजा.

"आजोबा," मावशी म्हणाल्या, "वेल अजून आठवडाभर वाढू दे."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्या तलवार घेऊन संग्रहालयात गेल्या. तिथल्या बाईंनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. ही ब्रह्मदेशातली तलवार, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची असावी, असं त्यांनी सांगितलं. पात्यावर चांदी ठोकून अख्खी गोष्ट चितारलेली, खाली तिकडच्या लिपीत मजकूर, मूठ चांदीच्या पत्र्याने मढवलेली. असली तलवार लढायला नसते, मानाने भेट द्यायला असते. तिकडे तिला धा म्हणतात.

"धा?" मावशी म्हणाल्या. "म्हणजे आमची धारच, फक्त र गळालेला." आणि त्या इतक्या हसल्या की पहारेकरी दारातून डोकावला.

मग त्यांना आठवलं आणि त्या कानकोंड्या झाल्या. पात्याच्या टोकाजवळ चांदीचा पोपट होता, त्याची शेपटी आपल्या साणेने खाल्ली, हे त्यांनी आपणहून सांगून टाकलं. बाईंनी भिंगातून पाहिलं. शेपटी गेली खरी, पण पोपट वाचला होता, आणि आवाज ओळखणारा कान नसता तर हत्तीही गेला असता, असं त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मावशी बसमधून तीन थांबे पुढे उतरल्या आणि हसत हसत चालत घरी आल्या. धाकट्या बहिणीला त्यांनी राजा-हत्तीची गोष्ट जेवताना सांगितली, भांडी घासताना सांगितली, गॅलरीत कपडे वाळत घालताना पुन्हा सांगितली. प्रत्येक वेळी हत्ती थोडा मोठा होत गेला.

"ताई, तू प्रेमात पडली आहेस," बहीण म्हणाली.

"पडू दे की. या वयात पडायला इतकी देखणी वस्तू कुणाला मिळते?"

आजोबांना संग्रहालयात न्यायचं काम मावशींनीच केलं. साफ केलेल्या पात्यावर ते वाकले. मग हळूच म्हणाले की वडील या तलवारीने कलिंगड कापायचे. बाईंनी कपाळाला हात लावला आणि मावशींना हसण्याची उबळ आवरेना. शेवटी आजोबाही हसले आणि तलवार संग्रहालयाला देऊन टाकली.

ती काचेत मांडली, त्या रविवारी माहिती सांगायला मावशींना बोलावलं. गल्लीतले सगळे शिंपी दुकानं बंद करून आले. मावशींनी राजा सांगितला, हत्ती सांगितला, मूठ कशी मढवतात ते सांगितलं. पोपटाशी आल्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला.

"याची शेपटी माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या, "साणेच्या धुळीत."

मागच्या शिंप्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी राजापासून पुन्हा सुरुवात केली.