ब्रश उठा! उदगीरच्या फौजींचे रविवार

आमच्या संस्थेने मला एक रजिस्टर दिलंय. त्यात चार रकाने आहेत: नाव, सही, उपक्रम, परिणाम. पहिले तीन भरायला पाच मिनिटं लागतात. चौथ्यात जे लिहायचं असतं, ते तिथे मावतच नाही. मग मी रजिस्टर उलटं करते आणि मागच्या पानापासून लिहायला लागते. आता अशी गंमत झालीय की रजिस्टर पुढून जवळपास कोरं आणि मागून गच्च! तपासणीला येणारे पुढून बघतात. तुम्ही मागून वाचा.

मी मूळची नांदेडची. नाटकाचं शिक्षण घेतलं. मग चित्र, माती, वाद्य, नाटक यांतून मनावरचं ओझं कसं हलकं होतं याचा पुण्यात कोर्स केला. लातूरला खोली घेतली आणि दर रविवारी एसटीने उदगीर गाठायला लागले. तिथल्या एका हॉलमध्ये अकरा माजी सैनिक येतात, सोबत त्यांच्या घरचे. सहा महिन्यांत सगळ्यांना बोलतं करायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. (हसू नका!)

*

पहिला रविवार. कागद वाटले, रंग वाटले. म्हटलं, "मनात येईल ते काढा. इथे कुठलाच नियम नाही."

कुणी हललं नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सगळे ताठ बसलेले, हात मांडीवर.

शेवटी सुभेदार बिराजदार माझ्याकडे झुकले. सगळ्यांत वडील, मिशा कडक. हळूच म्हणाले, "बेटा, नियम न्हाई म्हणल्यावर आमचा माणूस घाबरतंय. ऑर्डर दे."

"सुभेदारसाहेब, ही कला आहे! कलेत ऑर्डर कशी देणार?"

"मग मी देतो." उठले आणि हॉल दणाणून सोडला. "ब्रश... उठा!"

नऊ ब्रश एका झटक्यात वर! सगळे एका उंचीवर. आणि वरच राहिले. कारण पुढची ऑर्डर काय असते, ते सुभेदारांनाही माहीत नव्हतं!

दहावा ब्रश उठलाच नाही. तो हवालदार मिलिंद गायकवाडांचा. ते दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसले होते.

तास संपल्यावर त्यांच्या बायकोने, सविताताईंनी, मला बाजूला घेतलं. त्या अंगणवाडीत आहेत, बोलणं सरळ. म्हणाल्या, "घरी येऊन तीन वर्षं झाली. हां, न्हाई, बस. एवढे तीनच शब्द आहेत त्यांच्याकडं. आमची समता तिसरीत हाय. तिला वाटतंय, पप्पा आपल्यावरच रुसलेत."

"आपण छान चित्रं काढू, ताई. हळूहळू..."

"चित्रं ऱ्हाऊ द्या हो मॅडम. एकदा लेकीशी बापासारखं बोलले ना, मला पुरे हाय."

*

मातीच्या रविवारी पुण्याहून आमच्या ट्रेनर मॅडम आल्या. मोठा अनुभव, मऊ आवाज. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "आतमध्ये जी भावना आहे, तिला हातातून बाहेर येऊ द्या."

अर्ध्या तासाने डोळे उघडले. टेबलावर दहा बैल! फक्त गायकवाडांसमोर मातीचा गोळा तसाच.

मॅडम जराही डगमगल्या नाहीत. सुभेदारांच्या बैलासमोर बसल्या आणि हळुवारपणे विचारलं, "याला काय वाटतंय?"

सुभेदारांनी बैलाकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. "बैल हाय मॅडम. भूक लागली असंल."

मग वाद पेटला. देवणीकडचा एक जण म्हणाला, "हा बैल आमच्याकडचा न्हाईच. कान बघा, कुत्र्यासारखे उभे!" सुभेदार लाल झाले. देवणी बैलाचे कान लांब आणि खाली पडलेले असतात, हे मलाही तेव्हाच कळलं. एवढ्यात गायकवाड उठून आले. बोट ओलं केलं, सुभेदारांच्या बैलाचे दोन्ही कान अलगद खाली वळवले आणि परत जाऊन बसले.

रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात मी लिहिलं: ‘हवालदार गायकवाड. सहभाग: दोन कान.’

*

एकदा म्हटलं, "आपलं घर काढा. जसं दिसतं तसं नको, जसं वाटतं तसं."

अकरा नकाशे आले. उत्तर दिशेचा बाण, प्रमाण, चिन्हांची यादी. एकाने शेजाऱ्याची गच्ची ‘टेहळणीस योग्य’ म्हणून दाखवली होती.

सुभेदारांच्या नकाशात स्वयंपाकघरावर लाल तिरप्या रेषा होत्या. खाली लिहिलं होतं, ‘प्रवेश निषिद्ध.’

मी काही बोलायच्या आत काकू, म्हणजे सुभेदारांच्या मंडळी, चष्मा लावून पुढे आल्या. "बरोबर काढलंय. मागच्या वेळेला घुसले, तर दुधाचं पातेलं शहीद झालं!"

सुभेदार कुरकुरले, "एकदा सांडलं, तर जन्मभर बंदी?"

त्यावर काकू जे बोलल्या ते मला समजलं नाही. राग आला की त्या मराठी सोडून थेट कानडीत शिरतात. सुभेदारांना मात्र सगळं समजलं असावं, कारण त्यांनी मुकाट्याने आणखी दोन लाल रेषा ओढल्या.

*

आता माझी चूक सांगते. लपवायची नाही असं ठरवलंय.

मला घाई झाली होती. चार महिने गेले आणि गायकवाड तिथेच, दाराजवळ. एका रविवारी मी लातूरहून हलगी घेऊन गेले. सगळे खाली मान घालून चित्रं रंगवत होते. म्हटलं, जरा मरगळ झटकू! आणि एकदम जोरात थाप मारली.

गायकवाड उठले आणि दाराबाहेर गेले. बाहेर पायरीवर बसले, दोन्ही हात घट्ट धरून. मी धावत गेले. सॉरी म्हणाले, परत म्हणाले, मग समजावत सुटले. सुभेदार मागून आले. मला म्हणाले, "बेटा, तू आधी गप बस." आणि तेही गायकवाडांशेजारी गप बसले.

मग एवढंच म्हणाले, "नवी गोष्ट आणली की आधी दाखवायची. मग सांगायची. मग वाजवायची."

तेव्हापासून हॉलचा नियम झाला. आवाज करायच्या आधी मोठ्याने सांगायचं, "वाजवतोय!" पुढच्या रविवारी हलगी गायकवाडांच्याच मांडीवर दिली. त्यांनी एका बोटाने टिचकी मारली. पण आधी मान हलवून सगळ्यांना इशारा केला!

नियम हॉलमध्ये थांबला नाही. काकू आता मिक्सर सुरू करायच्या आधी माजघरातून ओरडतात, "लावायलेय हो!" सविताताई कुकरपाशी उभ्या राहून जाहीर करतात, "दुसरी शिट्टी येणार हाय!" गल्लीतल्या लोकांना हे प्रकरण काहीच माहीत नाही. पण परवा तिथल्या गिरणीवाल्याने पट्टा चढवायच्या आधी हात वर केलेला मी स्वतः पाहिला!

*

मग आल्या बाहुल्या. जुने फौजी मोजे आणायला सांगितले होते. त्यांना बटणांचे डोळे लावायचे आणि हातात घालून बोलायचं.

काकूंच्या मोज्याने पहिल्या मिनिटाला सुभेदारांच्या मोज्याला झापलं. हॉल हसून लोळला.

गायकवाडांनी जाड हिरवा मोजा आणला होता. एक डोळा काळा, एक पांढरा. शिवण मात्र अशी, की शिंप्याने लाजावं. मी विचारलं, "याचं नाव काय?"

मोजा हळूहळू वर आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि बारीक, चिरक्या आवाजात म्हणाला, "नाव सांगणार न्हाई. आधी तुमचं सांगा."

मी टाळी वाजवायला हात उचलला. सुभेदारांनी माझं मनगट पकडलं. "आधी सांगायचं, मग वाजवायचं," ते कुजबुजले.

*

बुधवारी सविताताईंचा फोन. "मॅडम, तुमचा तो मोजा परत घेऊन जा!"

"का? बोलत नाही का?"

"गपच बसत न्हाई! तीन वर्षं घरात शब्द न्हवता. आता मोजा म्हणतोय, वरणात मीठ जास्त पडलं. नवऱ्याला उलटं बोलता येतंय हो, मोज्याला काय बोलू?"

मी हसायला लागले. त्यापण हसल्या. मग आवाज खाली आला. "समता शाळेतून आली की दप्तर फेकून मोज्यापाशी बसते. पाढे त्याला म्हणून दाखवते. मैत्रिणींची भांडणं त्यालाच सांगते. पण बापाला सरळ काही विचारलं, की हे उठतात, मोजा शोधून आणतात, मग उत्तर देतात. लेक मोज्याशी बोलायलीय, मॅडम. बापाशी न्हाईच."

मी पुण्याला ट्रेनर मॅडमना फोन लावला. मोजा लपवून ठेवू का, विचारलं. त्या म्हणाल्या, "थांब."

मला हा शब्द अजिबात सहन होत नाही! पण हलगीची थाप आठवली आणि थांबले. एक महिना. मग दुसरा.

*

आणि मागच्या रविवारी सविताताई आल्या, त्या बसल्याच नाहीत. उभ्यानेच सांगितलं.

मोजा फार मळला होता. त्याला वरण लागलेलं, शाई लागलेली. शनिवारी त्यांनी तो धुतला आणि अंगणातल्या दोरीवर दोन चिमटे लावून वाळत घातला. दुपारी समता शाळेतून आली. दोरीवर मोजा उलटा लटकलेला, टपटप पाणी गळतंय. तशीच पळत बापाकडे गेली.

"पप्पा! याला वाळायला किती वेळ लागंल? मला आज लई महत्त्वाचं सांगायचंय!"

गायकवाड अंगणात आले. मोजा पिळून बघितला. ऊन बघितलं. मग घरातून स्टूल आणलं, दोरीखाली ठेवलं आणि बसले.

"वाळू दे त्याला. तवर मला सांग."

आवाज त्यांचा स्वतःचा. जाड, जरा बसलेला.

समता विचारात पडली. "पण तुम्हाला मागचं काहीच माहीत न्हाई! सगळं तर त्याला सांगितलंय."

"मग पहिल्यापासून सांग."

ती समोर फरशीवर बसली आणि सुरू झाली. कोण कुणाशी कट्टी आहे, कोण खोटं बोलली, बाई कुणाला रागावल्या. गायकवाड मध्येमध्ये विचारत होते, "मग?" "असं कसं म्हणली ती?" सविताताई दाराआडून ऐकत होत्या. हातात पोळ्यांची कणीक तशीच.

ऊन कडक होतं. मोज्यातून गळायचं कधीच थांबलं होतं. गायकवाडांनी सहज हात वर करून त्याला चाचपलं.

"थांबा पप्पा," समता म्हणाली. आत पळाली, तांब्याभर पाणी आणलं, टाचा उंचावून सगळं मोज्यावर ओतलं आणि परत येऊन बसली.

"हां. तर मी दुसरीत होते तेव्हा..."