एतेरीच्या नावाचा रांजण

कल्पना करा, बावीस वर्षांनी तुम्ही आपल्या जुन्या गावी जेवायला आला आहात. द्राक्षांच्या मांडवाखाली टेबल मांडलंय, ताटामागून ताट येतंय, कुणालाच घाई नाही. आणि तुम्हाला फक्त एक प्रश्न विचारायचाय, तो काही केल्या विचारता येत नाही.

एतेरीचं त्या दुपारी तेच झालं. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत शिवणकाम करणारी, चोपन्न वर्षांची ही बाई जन्मली काखेती या द्राक्षांच्या प्रांतातल्या या गावात. त्याच वर्षीच्या सुगीत तिच्या बापानं जमिनीत पुरलेला एक रांजण वाइननं भरला आणि झाकण मातीनं लिंपून टाकलं. उघडायचा तो थेट लेकीच्या लग्नात. लग्न झालंच नाही. बाप गेल्यावर घर शेजारच्या वाझाकाकांनी घेतलं, तेव्हा तिची एकच अट होती: त्या रांजणाला हात लावायचा नाही. तो अजून तसाच बंद आहे ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

आता तिथं वायनरी होती, आणि काका तमादा होऊन टेबलाच्या टोकाला बसले होते. पेला कुणाच्या नावानं उचलायचा हे तमादा सांगणार. तो बोलत असताना मध्येच दुसरा विषय काढला, की टेबलावरच्या सगळ्यांचा अपमान.

पहिला पेला शांततेचा. तो संपताच एतेरीनं तोंड उघडलं, तर काकांनी मायभूमीचा उचलला. तिनं जेवण वाढणाऱ्या त्यांच्या सुनेला, खातुनाला, हळूच विचारून पाहिलं. खातुनानं तिच्या ताटात खाचापुरीचा, चीज भरलेल्या रोटीचा, चौथा तुकडा टाकला आणि मामंजींनाच विचारा म्हणाली.

"काका, एकच विचारायचं होतं."

"विचार की. आधी तुझ्या-माझ्या आईबापांचा पेला होऊ दे. शहरात जेवता जेवता चौकशा करतात वाटतं?"

सगळे हसले. चारची बस होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं, तर शेजारी बसलेल्यानं ते काढून खिशात ठेवायला लावलं.

मग गेलेल्या माणसांचा पेला आला. सगळे उभे राहिले आणि काकांनी बोलायचा मान तिला दिला. हीच वेळ होती. पण बापाच्या नावाचा पेला हातात धरून भांडण कसं काढायचं? ती बापाच्या द्राक्षं तुडवणाऱ्या पायांबद्दल बोलली, रडली, सगळ्यांनी डोळे पुसून पेले रिकामे केले. स्वतःच्या भिडस्तपणाचा तिला इतका संताप आला की वाइनची चवही कळली नाही.

पाचवा पेला भरत असतानाच ती न विचारता उठली आणि तळघरात गेली. भिंतीकडच्या तिच्या रांजणाच्या तोंडावरची माती ओली होती. लिंपणाऱ्याच्या बोटांचे ठसेही तसेच होते.

मागून काठी टेकत काका आले.

"नवा माल भरलाय, परवाच. जुनी वाइन नातवाच्या लग्नात काढली," ते म्हणाले. "अजून ठेवली असती तर आंबली असती, पोरी. आणि तू काय आता लग्न करणार होतीस?"

एतेरीनं खाली वाकून त्या मातीला बोट लावलं.

"तो उघडलात," तिनं विचारलं, "तेव्हा पहिला पेला कुणाच्या नावानं उचललात, काका?"